मिम्बरची भाषा, मजलिसची भाषा

इंडोनेशियातील एका लोकप्रिय स्त्री-प्रवचनकाराच्या जुन्या प्रवचनातील एक तुकडा फेब्रुवारी २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर अचानक फिरू लागला आणि पाहता पाहता त्याचा राष्ट्रीय वाद झाला. ओकी सेतियाना देवी हे त्यांचे नाव. २००९ मध्ये चित्रपट अभिनेत्री म्हणून प्रकाशात आलेल्या ओकी पुढे धर्मप्रवचनाकडे वळल्या. त्या तुकड्यात त्या जेद्दामधील एका जोडप्याची गोष्ट सांगत होत्या. नवऱ्याने बायकोला मारले आणि नेमके त्याच वेळी तिचे आईवडील दारात आले. रडण्याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा तुमचीच आठवण येत होती असे सांगून तिने मार लपविला. ते ऐकून नवऱ्याचे मन विरघळले. घरातील उणेदुणे चव्हाट्यावर आणू नये, हे गोष्टीचे तात्पर्य.

स्त्री संघटनांनी, तसेच अनेक धर्मपंडितांनीही, त्यावर कडाडून टीका केली. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा इंडोनेशियात २००४ पासून अस्तित्वात आहे आणि मार लपविण्याला सद्गुण ठरविणे म्हणजे त्या कायद्याच्या मुळावर घाव घालणे, असा टीकेचा रोख होता. ओकी यांनी जाहीर माफी मागितली. पुढे दोनच महिन्यांनी, १२ एप्रिल २०२२ रोजी, इंडोनेशियाच्या संसदेने लैंगिक हिंसाचाराविरुद्धचा बहुचर्चित कायदा मंजूर केला. त्यामुळे त्या गोष्टीचा वाद मागे पडला. परंतु त्या वादात एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. पतीपत्नींच्या कर्तव्यांविषयीचा एवढा गंभीर मुद्दा धर्मवचने आणि त्यांचा अर्थ यांच्या आधारे न मांडता एका हृदयस्पर्शी गोष्टीच्या रूपाने का मांडला गेला? हाच उपदेश शुक्रवारच्या नमाजाआधी एखाद्या पुरुष खतीबाने केला असता, तर त्याची भाषा कशी असती?

या प्रश्नाचे तयार उत्तर सर्वांनाच ठाऊक आहे. पुरुष आज्ञार्थी बोलतात, वचने देतात, निर्णय सुनावतात. बायका गोष्टी सांगतात, समजूत घालतात, घरातले दाखले देतात. इस्लामी प्रवचनांपुरतेच नव्हे, तर एकंदर धर्मोपदेशाविषयी असेच मानले जाते. इंडोनेशियातील गेल्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाकडे बारकाईने पाहिले, तर मात्र हे उत्तर जितके सोयीचे, तितकेच अपुरे असल्याचे ध्यानात येते.

इंडोनेशियाचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. वीस कोटींहून अधिक मुसलमानांच्या या देशात स्त्रियांच्या धर्मशिक्षणाला शंभर वर्षांची संघटित परंपरा आहे. जोग्याकार्ता येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या 'मुहम्मदिया' या सुधारणावादी संघटनेची 'आयशिया' ही स्त्री-शाखा १९१७ मध्ये सुरू झाली. त्याच शहरातील कौमान वस्तीत केवळ स्त्रियांसाठी प्रार्थनागृह उभे राहिले, ते १९२०च्या दशकाच्या आरंभी. 'नहदतुल उलेमा' या परंपरावादी संघटनेची 'मुस्लिमात' ही शाखा १९४६ची. कुराणपठणाच्या राष्ट्रीय स्पर्धा १९६८ पासून होतात आणि त्यांत स्त्रिया जाहीर व्यासपीठावर ध्वनिक्षेपकातून पठण करतात. स्त्रीचा आवाजही पडद्यातच असावा असे मानणारे मत इस्लामी जगात आहे. इंडोनेशियात ते कधीच प्रबळ झाले नाही. तेव्हा स्त्रीने धर्माविषयी बोलावे की नाही, हा तेथे वादाचा विषय नाही. तिने कोठे बोलावे आणि कोणत्या अधिकाराने, हा आहे.

येथे दोन प्रकारांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे. मराठीत आपण सर्वच धार्मिक भाषणांना सरसकट 'प्रवचन' म्हणतो. इस्लामी परंपरेत मात्र शुक्रवारच्या सामूहिक नमाजाआधीचा 'खुतबा' हा स्वतंत्र, विधीचा भाग असलेला प्रकार आहे. तो मशिदीतील मिम्बर या उंच व्यासपीठावरून दिला जातो. त्याचे दोन भाग असतात आणि मध्ये खतीब क्षणभर बसतो. इंडोनेशियात प्रचलित असलेल्या शाफई पंथाने खुतब्याची पाच अंगे ठरवून दिली आहेत : ईश्वराची स्तुती, प्रेषितांसाठी दुआ, ईश्वराचे भय बाळगण्याचा उपदेश, कुराणातील आयतीचे वाचन आणि श्रद्धावंतांसाठी प्रार्थना. यांतील एखादे अंग राहिले, तर खुतबाच पूर्ण होत नाही. श्रोत्यांना या काळात बोलण्याची मुभा नाही. शेजाऱ्याला 'गप्प बस' असे म्हणणेदेखील व्यर्थ बोलणे ठरते, असे हदीसमध्ये म्हटले आहे. शुक्रवारचा नमाज स्त्रियांवर बंधनकारक नाही आणि खतीब पुरुषच असतो.

आता अशा ठिकाणी उभ्या राहिलेल्या माणसाची भाषा काय होईल? समोर शेकडो माणसे आहेत, पण कोणीही हुंकारसुद्धा देत नाही. वेळ थोडा. आरंभ, शेवट आणि मधले टप्पे अरबीत ठरलेले. तेथे वचन, आज्ञा आणि निष्कर्ष याच क्रमाने बोलणे भाग पडते. खतीब स्वभावाने कितीही मवाळ असो, मिम्बरवर चढल्यावर त्याचा स्वर बदलतो. आपल्याकडच्या वाचकाला हे सहज पटावे. नारदीय कीर्तनात एकच कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, तेव्हा त्याची वाक्ये लांब, संस्कृतप्रचुर आणि तर्काने बांधलेली असतात. उत्तररंगात आख्यान लावले, की तोच बोवा घरगुती बोलीत शिरतो, नकला करतो, हसवतो, रडवतो. बोवा बदललेला नसतो, जागा बदललेली असते.

खुतब्याच्या दुसऱ्या टोकाला इंडोनेशियात आहे ती 'मजलिस तालीम'. स्त्रियांची ही धर्माभ्यास-मंडळे घरांत, मशिदींच्या ओट्यांवर, सरकारी वसाहतींच्या सभागृहांत भरतात. सकाळची घरकामे उरकून बायका जमतात, एकत्र पठण करतात, एखादी विदुषी किंवा पुष्कळदा एखादे मौलाना बोलतात आणि मग प्रश्न विचारले जातात. या मंडळांची देशव्यापी संघटना तुत्ती अलाविया यांनी १९८१ मध्ये उभी केली; त्या पुढे स्त्रीविषयक खात्याच्या मंत्रीही झाल्या. एकसारख्या रंगाचे बुरखेवजा पोशाख घालून, बसगाड्या ठरवून दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणाला येणाऱ्या या मंडळांनी तेथील प्रवचनांच्या कार्यक्रमांना कायमचा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला.

या बायकांकडे पाहण्याची प्रतिष्ठितांची दृष्टी फारशी आदराची नाही. पश्चिम जावातील प्रवचनांचा दीर्घ अभ्यास करणारे ऑस्ट्रेलियन संशोधक ज्युलियन मिली यांनी 'हिअरिंग अल्लाज कॉल' (२०१७) या ग्रंथात हे नेमके टिपले आहे. रंजक प्रवचने मनापासून ऐकणाऱ्या श्रोत्यांना, त्यातही स्त्रियांना, धर्मसुधारणेची भाषा बोलणारे उच्चशिक्षित लोक निष्क्रिय समजतात. ऐकण्यात वेळ घालविण्यापेक्षा काही काम करा, असा त्यांचा सूर असतो. माजी राष्ट्राध्यक्ष मेगावती सुकार्णोपुत्री यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये, आया सतत प्रवचनांना जातात तर मुलांकडे कोण पाहते, असा प्रश्न जाहीर सभेत विचारला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. दर शुक्रवारी मशिदीत जाणाऱ्या पुरुषांना असा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

या मजलिसमधील भाषा हा खरा अभ्यासाचा विषय आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे 'मामाह देदेह'. १९५१ मध्ये पश्चिम जावातील चिआमिस येथे जन्मलेल्या आणि जाकार्तात इस्लामी उच्चशिक्षण घेतलेल्या देदेह रोसिदाह यांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम २००७ पासून इंडोनेशियन दूरचित्रवाणीवर गाजू लागला. 'मामाह' म्हणजे आई. श्रोत्यांमधील बाई उठते, 'चुरहात दोंग, माह' म्हणजे 'मन मोकळे करायचे आहे हो, आई' असे म्हणते आणि नवऱ्याची, सासूची, कर्जाची, मुलाच्या व्यसनाची कहाणी सांगते. 'चुरहात' हा शब्दच मुळी 'हृदय ओतणे' या अर्थाच्या दोन शब्दांचा संक्षेप आहे. हा संवाद इतका लोकप्रिय झाला, की ती वाक्ये रोजच्या थट्टामस्करीत रुळली.

एवढे ऐकून कोणाला वाटेल, की पुढे मामाह मायेने पाठीवरून हात फिरवीत असतील. होते अगदी उलट. देदेह रोसिदाह यांची ख्याती आहे ती फटकळपणाबद्दल. प्रश्नाचा फापटपसारा त्या मध्येच तोडतात, विचारणारीलाच खडसावतात, आवाज चढवितात, कुराणातील आयतीचा क्रमांक सांगून विषय संपवितात. बोलण्यात आर्जव नाही, 'मला वाटते' नाही, 'कदाचित' नाही. भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'पुरुषी' म्हणून जी लक्षणे दिलेली असतात, ती जवळपास सगळी येथे एका आजीबाईंच्या तोंडी सापडतात. अर्थात स्वर कडक आहे म्हणून विचार नवा आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्यांची मते परंपरेच्या चौकटीतच राहतात. संसार टिकविण्याची बरीचशी जबाबदारी त्या बाईवरच टाकतात. शैली आणि आशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे उत्तम उदाहरण.

त्याच काळात पुरुष प्रवचनकारांमध्ये याच्या नेमके उलट घडत होते. १९९०च्या दशकापर्यंत इंडोनेशियात लोकप्रिय प्रवचन म्हणजे झैनुद्दीन एम. झेड. यांचे मैदानी वक्तृत्व. 'दहा लाख श्रद्धावंतांचा प्रवचनकार' ही त्यांची बिरुदावली होती. आवाजाचे चढउतार, विनोद, राजकीय टोमणे आणि टाळ्या यांवर त्यांची सभा चाले. २००० नंतर बांडुंगच्या अब्दुल्ला गिम्नास्तियार यांनी हा साचाच मोडला. लोक त्यांना 'आ गिम' म्हणत. सुंदानी भाषेत 'आ' म्हणजे थोरला भाऊ. आपल्या भाषेत सांगायचे, तर 'गिमदादा'. त्यांच्या प्रवचनाचा विषय होता 'मानाजेमेन कोल्बू', म्हणजे हृदयाचे व्यवस्थापन. हळू आवाजात ते स्वतःच्या चुका सांगत, बायकोशी झालेले रुसवेफुगवे सांगत, मध्येच गात, आणि श्रोत्यांसह रडत. फतवा नाही, अरबी अवतरणांचा मारा नाही. श्रोत्यांत स्त्रियांची संख्या प्रचंड होती.

त्यांच्या उत्कर्षाचा शेवटही भाषेविषयी बरेच काही सांगून जातो. २००६ च्या अखेरीस आ गिम यांनी दुसरे लग्न केल्याचे जाहीर झाले. शरियतच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते आणि त्यांनी तसे सांगितलेही. परंतु जी भाषा त्यांनी पाच-सहा वर्षे वापरली होती, ती कायद्याची नव्हतीच, ती विश्वासाची होती. स्त्रियांनी पाठ फिरविली, निषेधाच्या लघुसंदेशांचा पाऊस पडला, बांडुंगच्या त्यांच्या केंद्राकडे येणारा भाविकांचा ओघ आटला आणि बहुपत्नीत्वासंबंधीच्या सरकारी नियमांचा फेरविचार करण्याचे पाऊल राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांना उचलावे लागले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जेम्स होस्टरी यांनी या प्रकरणावर 'रीब्रँडिंग इस्लाम' (२०१६) हा आख्खा ग्रंथ लिहिला आहे. 'हळवी' मानली जाणारी भाषा पुरुषाने स्वीकारली, तर तिच्याबरोबर तिची बंधनेही येतात. मग अडचणीच्या क्षणी पुन्हा मिम्बरच्या भाषेचा आसरा घेता येत नाही.

तेव्हा कडक बोलणारी 'आई' आणि रडणारा 'दादा' एकाच पडद्यावर, एकाच दशकात, एकाच श्रोतृवर्गासमोर. 'बायकांची भाषा' आणि 'पुरुषांची भाषा' यांची जुनी विभागणी येथे लागू पडत नाही. भाषाशास्त्रात या वादाला बरीच वर्षे झाली. रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ मध्ये स्त्रियांच्या बोलण्यातील संकोच, आर्जव, अनिश्चितता यांची लक्षणे नोंदवून त्यांना 'स्त्रियांची भाषा' म्हटले. पाच वर्षांनी विल्यम ओबार आणि बोमन ॲटकिन्स यांनी अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनाच्या न्यायालयांतील साक्षीदारांचे बोलणे तपासले. त्यांना असे आढळले, की ती लक्षणे सर्व स्त्रियांत नाहीत आणि काही पुरुषांतही आहेत. ज्यांना समाजात किंवा न्यायालयात काही वजन होते, त्या स्त्रियांच्या बोलण्यात ती कमी होती. म्हणजे ती बाईपणाची भाषा नसून दुबळ्या स्थानाची भाषा होती. इंडोनेशियातील प्रवचनांना हे निदान अधिक जवळचे वाटते, पण एका दुरुस्तीसह. तेथे मुद्दा केवळ बळाचा नाही, कोणत्या जागी उभे राहून बोलता याचाही आहे.

फरक अजिबातच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. अधिकार सिद्ध करण्याच्या पद्धतीत तो ठळक दिसतो. पुरुषाला 'कियाई', 'हबीब', 'उस्ताज' या पदव्या विद्येच्या किंवा घराण्याच्या बळावर मिळतात. स्त्रीला लोकप्रिय व्हायचे, तर 'मामाह', 'उमी', 'बुंदा' असे आईचे नाते धारण करावे लागते. आईला रागावण्याचा अधिकार असतो, म्हणून देदेह रोसिदाह यांचे खडसावणे खपते. तोच स्वर एखाद्या पंचविशीच्या अविवाहित विदुषीने लावला, तर तो उद्धटपणा ठरेल. (आपल्याकडे 'ताई' आणि 'माई' झाल्याखेरीज बाईला सार्वजनिक जीवनात वावरता येत नाही, याची येथे आठवण होते.)

आणखी एक फरक व्याकरणात दडलेला आहे. इंडोनेशियन भाषेत लिंगभेद नाही. 'तो' आणि 'ती' दोन्हींसाठी एकच सर्वनाम. मराठीत प्रवचनकाराने 'मी सांगतो' किंवा 'मी सांगते' एवढे म्हणताच बोलणारा कोण ते कळते; तेथे लिखित प्रवचन वाचून ते कळणार नाही. उलट 'आपण' आणि 'आम्ही' हा आपल्या ओळखीचा भेद त्या भाषेत आहे : 'किता' म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण आणि 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही. प्रवचनकार 'किता' म्हणत राहतो, तोवर तो श्रोत्यांच्या पंक्तीत असतो. पण खुतब्याचे संबोधन अरबीत असते, 'माआशिरल मुस्लिमीन', म्हणजे 'हे मुसलमानजनहो'. आणि ते अरबी व्याकरणानुसार पुल्लिंगी अनेकवचन आहे. त्यात स्त्रिया गृहीत आहेत, असे पंडित सांगतात. हा प्रश्नही नवा नाही. प्रेषितांच्या पत्नी उम्म सलमा यांनी, कुराणात पुरुषांचा उल्लेख होतो तसा स्त्रियांचा का होत नाही, असे विचारले आणि त्यानंतर 'अहजाब' या सूऱ्यातील पस्तिसावी आयत अवतरली, अशी परंपरा आहे. त्या आयतीत श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया, सत्यवचनी पुरुष आणि सत्यवचनी स्त्रिया, अशा दहा जोड्या स्वतंत्रपणे नोंदविलेल्या आहेत.

इंडोनेशियातील स्त्री-विदुषींनी गेल्या काही वर्षांत जे केले, ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. २५ ते २७ एप्रिल २०१७ या काळात चिरेबोनजवळच्या केबोन जाम्बू या निवासी मदरशात स्त्री-उलेमांची पहिली परिषद भरली. हा मदरसा न्याई मस्रियाह आम्वा ही स्त्रीच चालविते. या परिषदेची बलस्थाने अनेक सांगितली जातात. भाषेच्या दृष्टीने पाहिले, तर तिचे महत्त्व असे, की येथे स्त्रिया गोष्ट सांगायला जमल्या नव्हत्या, निर्णय द्यायला जमल्या होत्या. तीन विषयांवर त्यांनी धर्ममत दिले. लैंगिक हिंसाचार हराम आहे, मग तो विवाहाबाहेर असो वा विवाहात. बालविवाहातून होणारी हानी रोखणे बंधनकारक आहे. निसर्गाचा विध्वंस हराम आहे.

या मतांचे मसुदे वाचण्यासारखे आहेत. प्रथम प्रश्नाचे स्वरूप, मग पुरावे, मग त्या पुराव्यांचे विवेचन, मग निष्कर्ष आणि शेवटी शासन, कुटुंब, धर्मसंस्था यांना शिफारशी, अशी त्यांची बांधणी आहे आणि प्रत्येक भागाला पारंपरिक अरबी शीर्षक आहे. पुराव्यांत कुराण, हदीस आणि पूर्वसूरींची मते आहेतच; शिवाय इंडोनेशियाची राज्यघटनाही आहे. भाषा कोरडी, नेमकी, कायद्याची. 'बायकी' म्हणता येईल असा एकही शब्द त्यात नाही. तरीही त्यात पूर्वी नसलेली एक गोष्ट आहे. प्रश्नाचे स्वरूप मांडताना अत्याचार झालेल्या स्त्रियांचे अनुभव आधार म्हणून घेतलेले आहेत. मजलिसमधील 'चुरहात' येथे पुरावा झाला आहे.

समारोपाला धर्मव्यवहार मंत्री लुकमान हकीम सैफुद्दीन उपस्थित होते आणि मुलींच्या विवाहाचे किमान वय वाढविण्याची शिफारस त्यांच्या हाती देण्यात आली. १९७४च्या कायद्यानुसार ते वय १६ होते. डिसेंबर २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने मुलामुलींच्या वयातील ही तफावत घटनाविरोधी ठरविली आणि २०१९च्या दुरुस्तीने दोघांसाठी १९ वर्षे ही मर्यादा आली. याचे श्रेय एकट्या परिषदेला देता येणार नाही. न्यायालयात झुंजणाऱ्या स्त्रिया वेगळ्या होत्या. पण धर्माच्या भाषेत विरोध करणाऱ्यांना धर्माच्याच भाषेत उत्तर मिळाले, एवढे निश्चित.

परिषदेने एक शाब्दिक भेदही रूढ केला आहे. 'परंपुआन उलामा' म्हणजे विद्वान असलेली कोणतीही स्त्री. शब्दांचा क्रम उलटून 'उलामा परंपुआन' म्हटले, की स्त्रियांच्या न्यायाची दृष्टी बाळगणारा कोणताही धर्मपंडित, मग तो पुरुष का असेना. या व्याख्येनुसार चिरेबोनचे फकीहुद्दीन अब्दुल कोदिर हे 'उलामा परंपुआन'मध्ये मोडतात. 'मुबादला' म्हणजे परस्परता, हे त्यांनी मांडलेले अर्थनिर्णयाचे सूत्र. पत्नीने पतीला प्रसन्न ठेवावे असे एखादे वचन असेल, तर तो उपदेश पतीलाही तितकाच लागू आहे असे समजून वाचायचे. नूर रोफिआह या विदुषींची व्याख्याने आणखी पुढे जातात. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपण, त्यानंतरचा रक्तस्राव आणि स्तनपान हे पाच शारीरिक अनुभव त्या न्यायविचाराच्या आरंभीच मांडतात. जो निर्णय या अनुभवांच्या वेदना वाढवितो तो न्याय्य म्हणता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. बायकांच्या खोलीत कुजबुजले जाणारे शब्द धर्मशास्त्राच्या परिभाषेत आणून ठेवण्याचे हे काम आहे. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये सेमारांग आणि जेपारा येथे दुसरी परिषद झाली, तोपर्यंत ही परिभाषा बरीच रुळली होती.

स्त्री थेट नमाजाच्या व्यासपीठावर गेली तर काय होते, याची तुरळक उदाहरणे इंडोनेशियाबाहेर आहेत. अमेरिकन विदुषी अमीना वदूद यांनी ऑगस्ट १९९४ मध्ये केपटाऊनच्या क्लेअरमाँट मशिदीत शुक्रवारच्या खुतब्यापूर्वी भाषण केले आणि ईश्वरशरणतेचा अर्थ सांगताना गर्भधारणेचे व प्रसूतीचे रूपक वापरले. हे रूपक त्या मिम्बरवर पूर्वी कोणी वापरले असण्याचा संभव कमीच. १८ मार्च २००५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खुतबा दिला आणि स्त्रीपुरुषांच्या एकत्रित नमाजाचे नेतृत्व केले, तेव्हा जगभर वादळ उठले. भारतातही केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २६ जानेवारी २०१८ रोजी एका स्त्रीने शुक्रवारचा नमाज पढविला. अशा घटनांची चर्चा कोणी पढविला यावरच थांबते. तिने काय सांगितले आणि कोणत्या शब्दांत, याची बातमी होत नाही.

मोरोक्कोचा मार्ग वेगळा आहे. कासाब्लांकातील मे २००३च्या बॉम्बस्फोटांनंतर धर्मसंस्थांची फेररचना करताना तेथील सरकारने २००६ पासून 'मुर्शिदा' म्हणजे मार्गदर्शिका नेमल्या. त्या मशिदींत, शाळांत, तुरुंगांत शिकवितात, सल्ला देतात; शुक्रवारचा खुतबा मात्र देत नाहीत. म्हणजे प्रश्नोत्तरांची जागा सरकारमान्य झाली, मिम्बर होते तेथेच राहिले.

मुंबईत सुन्नी दावते इस्लामीच्या आझाद मैदानावरील वार्षिक इज्तेम्यात पहिला दिवस स्त्रियांसाठी राखण्याची प्रथा आहे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने याच शहरात स्त्रियांना काझीपदाचे प्रशिक्षण दिले आहे. मालेगावसारख्या गावात मुलींच्या मदरशांतून आलिमा होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणी मोहल्ल्यांतील स्त्रियांसमोर उर्दूत बयान करतात. त्यांच्या बोलण्यात अरबी अवतरणे किती आणि घरातले दाखले किती, प्रश्न विचारणारीला त्या काय उत्तर देतात आणि एखादीने नवऱ्याच्या मारहाणीविषयी विचारले तर कायद्याचे नाव निघते की सबुरीची गोष्ट, याच्या नोंदी मराठी पत्रकारितेने आजवर फारशा घेतलेल्या नाहीत. तीन तलाकच्या वादाने रकाने भरले, तेव्हाही आम्ही मौलानांचेच म्हणणे विचारीत राहिलो.

इंडोनेशियात मात्र आणखी एक चाल दिसते. 'नहदतुल उलेमा'च्या संकेतस्थळावर शुक्रवारच्या खुतब्याचे तयार मसुदे इंडोनेशियन, जावी, सुंदानी अशा भाषांत प्रसिद्ध होतात आणि खेड्यापाड्यांतील खतीब ते छापून घेऊन मिम्बरवर वाचतात. मुबादलाच्या विचाराचे लोकही आता असे खुतबे लिहू लागले आहेत. आरंभ अरबीतच, पाचही अंगे जागच्या जागी, संबोधन तेच पुल्लिंगी. मधल्या भागात पत्नीला मारू नका, घरातील कामाचा वाटा उचला, मुलीचे शिक्षण थांबवू नका, असे वचनांसह सांगितलेले असते. समोर फक्त पुरुष बसलेले असतात आणि नियमानुसार त्यांना मध्ये बोलता येत नाही.